लालबागचं पोळी-भाजी केंद्र: जेवण एक नंबर, फक्त अ‍ॅपवरून मागवू नका

आधी जेवणाबद्दल लिहिते, कारण बाकीचं सगळं त्याच्यामुळेच डोक्यात सुरू झालं. भारतमाता सिनेमाकडून करी रोड स्टेशनच्या दिशेने निघालात की आतल्या गल्लीत एका जुन्या चाळीच्या तळमजल्यावर हे केंद्र आहे. बोर्डावर नुसतं 'घरगुती पोळी-भाजी केंद्र' आणि खाली मोबाइल नंबर, बाकी काही नाही, त्यामुळे मॅपवर शोधत बसू नका, गल्लीच्या तोंडाशी कोणालाही विचारा, लगेच दाखवतील. बसून जेवायची सोय नाही. एक बाकडं आहे पण दुपारी त्यावर डब्यांच्या पिशव्याच ठेवलेल्या असतात. तिथल्याच बायकांचा बचत गट आहे, आठ जणी मिळून चालवतात, गल्ल्यावर एक काकू बसतात आणि खाली जे लिहिलंय त्यातलं बरंचसं मी त्यांच्याच तोंडून ऐकलंय.

पोळीसाठी तरी एकदा जाच. घडीची पोळी असते. लाटी थोडी लाटून त्यावर तेलाचं बोट फिरवायचं, चिमूटभर कोरडं पीठ भुरभुरायचं, अर्धी दुमडायची, परत तेल, परत दुमडायची आणि मग तो त्रिकोण फिरवत फिरवत गोल लाटायचा. आपल्या सगळ्यांच्या घरी हेच होतं, पण विकतची पोळी अशी मिळणं मुंबईत आता अवघड झालंय, कारण एका पोळीला एवढा वेळ द्यायला विकणाऱ्याला परवडत नाही. इथे तव्यावरून उतरली की शेजारी बसलेली मावशी ती दोन्ही हातांत धरून कडेने जरा दाबते, पदर सुटतात, वाफ बाहेर पडते आणि मग ती फडक्यात जाते. सकाळी घेतलेला डबा दोन वाजता उघडला तरी पोळी मऊच. मी बऱ्याच ठिकाणच्या पोळ्या खाल्ल्यात, परळ, दादर, माहीम, पण दुपारी दोनची परीक्षा पास होणाऱ्या फार कमी आहेत.

भाज्या रोज दोन, एक सुकी एक रस्सा, त्याशिवाय उसळ. सोमवारी वालाचं बिरडं, त्याला बेस्ट म्हणेन मी, वाल नीट सोललेले असतात, एक साल सापडत नाही. काळ्या वाटाण्याची उसळ मालवणी पद्धतीची, वाटप व्यवस्थित भाजलेलं. शुक्रवारी बांगड्याचं तिखलं असतं पण ते साडेबारालाच संपतं. मसाला लालबागच्याच मिरची गल्लीतून मिरच्या-गरम मसाला निवडून आणतात आणि डंक्यावर कुटून घेतात, वर्षाचा एकदम नाही, दोन-तीन महिन्यांचा, म्हणून वास टिकतो. वरण मात्र पातळ असतं, हे मी त्यांना तोंडावर सांगितलंय. भात कधी कधी गोळा होतो. शेवभाजी घेऊ नका, नुसती तिखट.

आता पोळीकडे परत येते. आमच्या ऑफिसच्या इमारतीत (लोअर परळला आहे) जे कॅन्टीन आहे तिथली पोळी फुल ऑटोमॅटिक मशीनवरची असते, एका मोठ्या किचनमधून येते. एका बाजूने कणकेचा गोळा टाकायचा, तो दाबून चपटा होतो, आतल्या आत भाजला जातो आणि दुसऱ्या बाजूने पोळी बाहेर, तासाला हजार सहज निघतात. सगळ्या एका मापाच्या, एकही करपलेली नाही, दिसायला छान. पण घडी नाही, पदर नाही आणि तासाभरात वातड. मी हे काकूंना सांगितलं तेव्हा तव्यापाशी बसलेली मावशी म्हणाली, "मी तिकडेच होते ताई."

म्हणजे त्या किचनमध्ये नाही, पण तसल्याच एका केटररकडे. तिथे पोळ्या लाटायला बारा बायका होत्या, पोळीमागे दीड रुपया मिळायचा, हात चांगला चालला तर दिवसाला तीनशे-साडेतीनशे पोळ्या, म्हणजे पाचशे रुपयांच्या आसपास. मग मशीन आलं. बारातल्या दोघी राहिल्या, एक गोळे टाकायला आणि एक पोळ्या मोजून पॅक करायला, बाकीच्यांना उद्यापासून येऊ नका. मी विचारलं की मग केटररने पोळीचा भाव कमी केला का? नाही केला. भाव तोच राहिला, बायकांचे रोजचे पैसे वाचले ते मालकाच्या खिशात गेले, आणि दहा बायका घरी बसल्या. त्यातली एक ही मावशी.

आता हे वाचून वाटेल की हे केंद्र म्हणजे मशीनच्या विरोधात हाताने सगळं करणारं काहीतरी असेल. अजिबात नाही. आत जाऊन बघा, कणीक मळायचं मोठं मशीन आहे, भाजी चिरायचं आहे, वाटपासाठी वेट ग्राइंडर आहे. कणकेचं मशीन त्यांनी गटाच्या कर्जातून घेतलं, हप्ते फेडून झालेत. आधी दोघी जणी पहाटे पाचपासून कणीकच मळत बसायच्या, एकीचा खांदा कायमचा गेला त्यात. मशीन आल्यावर त्या दोघी भाज्यांवर आल्या, कणीक जास्त मळली जायला लागली, डबे वाढले आणि महिन्याच्या शेवटी खर्च वजा जाता जे उरतं ते आठही जणी सारखं वाटून घेतात, तो वाटा वाढला. कोणाला घरी बसवलं नाही कारण कोण कोणाला बसवणार, मालकीणच सगळ्या. लाटायचं मशीन मात्र घेतलं नाही, त्यात घडी येत नाही म्हणून. कुठलं काम मशीनला द्यायचं आणि कुठलं हातात ठेवायचं हे त्यांनी स्वतः बसून ठरवलं. केटररकडेही मशीन आलं, इथेही आलं, तिथे दहा जणींचा रोजगार गेला आणि इथे आठ जणींचं उत्पन्न वाढलं. मला यात एकच फरक दिसतो की इथलं मशीन त्या बायकांच्या नावावर आहे. टेक्नॉलॉजीमुळे नोकऱ्या जातात की येतात यावर लोक तासन्‌तास वाद घालतात, ते मशीन कोणाचं आणि वाचलेला पैसा कोणाकडे गेला हे आधी विचारायला पाहिजे असं माझं मत इथे पोळ्या घेता घेता झालंय.

आता अ‍ॅपचं. हे केंद्र मला सापडलं ते अ‍ॅपवरच, एका रात्री उशिरा ऑफिसमधून घरी पोचले आणि स्वयंपाक करायचं त्राण नव्हतं तेव्हा, त्यामुळे अ‍ॅपने गिऱ्हाईक आणून दिलं नाही असं मी म्हणणार नाही, मीच ते गिऱ्हाईक. कुठलं अ‍ॅप ते लिहीत नाही. पण मी अकाउंट्समध्ये काम करते, बिल दिसलं की माझ्याने राहवत नाही, म्हणून एकदा काकूंकडे बसून त्यांच्या फोनवरचं त्यांचं स्टेटमेंट आणि माझ्या फोनवरचं माझं बिल शेजारी शेजारी ठेवून बघितलं.

एक पूर्ण डबा, म्हणजे चार पोळ्या, भाजी, उसळ, वरण-भात, समोर जाऊन घेतला तर १२० रुपये. अ‍ॅपवर तोच १६० ला लावलाय, लावावाच लागतो. त्यावर ५ टक्के जीएसटी ८ रुपये, डिलिव्हरी ३५, प्लॅटफॉर्म फी वगैरे १५. माझ्याकडून गेले २१८. आता त्यांच्या बाजूला बघा. १६० वर २५ टक्के कमिशन म्हणजे ४० गेले, त्या कमिशनवर १८ टक्के जीएसटी ७ रुपये २० पैसे, तेही यांच्याकडूनच, म्हणजे खात्यात आले ११२ रुपये ८० पैसे. त्यातून प्लॅस्टिकचे डबे आणि पिशवी १० रुपये. हातात १०२ रुपये ८० पैसे. मी समोर उभं राहून स्वतःचा डबा पुढे केला असता तर ५ रुपये कमी होऊन त्यांना ११५ मिळाले असते. म्हणजे मी १०३ रुपये जास्त दिले आणि त्यांना १२ रुपये कमी मिळाले. जेवण तेच, पोळी लाटणारा हात तोच.

आणि जीएसटीची एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. अशा छोट्या केंद्राची उलाढाल २० लाखांच्या आत असते म्हणून जीएसटी नंबर लागत नाही, समोर जाऊन घेतलं तर टॅक्स लागत नाही. पण १ जानेवारी २०२२ पासून नियम असा आहे की अ‍ॅपवरून गेलेल्या जेवणाचा ५ टक्के जीएसटी अ‍ॅपने गोळा करून भरायचा, हॉटेल छोटं असो की मोठं. त्यामुळे बचत गटाची भाजी-पोळी आणि मोठ्या चेनचा पिझ्झा अ‍ॅपवर एकाच टॅक्सला येतात. कमिशनवर जो १८ टक्के भरला तो यांना परतही मिळत नाही.

ऑफरचं तर विचारूच नका. 'फ्लॅट ५० रुपये ऑफ' आपल्याला दिसतं तेव्हा त्यातला हिस्सा केंद्राच्या खिशातून जातो. वर दिसायचं असेल तर जाहिरातीचे वेगळे पैसे. ट्रॅफिकमुळे डबा उशिरा पोचला तर एक स्टार यांना. कस्टमर केअरला फोन लावला तर माणूस नाही, चॅटमध्ये मशीनच उत्तर देतं, तेही इंग्लिशमध्ये, मग काकू चाळीतल्या कॉलेजच्या मुलीला बोलावून वाचून घेतात. काकूंनी दुपारचं अ‍ॅप बंदच करून टाकलंय, फक्त संध्याकाळी चालू ठेवतात, उरलेलं वाया जाण्यापेक्षा बरं म्हणून.

मला रायडरचाही राग येत नाही, हे मुद्दाम लिहिते, कारण रिव्ह्यूमध्ये लोक सगळा राग त्या पोरावर काढतात. त्या बाकड्यावर एक जण ऑर्डरची वाट बघत बसला होता, नालासोपाऱ्याला राहतो, बाइक स्वतःची, पेट्रोल स्वतःचं, फोन स्वतःचा, रेनकोटसुद्धा स्वतःचा. त्या ऑर्डरचे त्याला तीसेक रुपये मिळणार होते. भात शिजायचा होता म्हणून पंधरा-वीस मिनिटं थांबला, ती मिनिटं कुठेच धरली जात नाहीत. मी म्हटलं दादा दिवसाला किती होतात, तर म्हणाला ठराविक ऑर्डरी पूर्ण झाल्या तर वरचा इन्सेन्टिव्ह मिळतो, आणि नेमकं जवळ आलं की ऑर्डर यायच्या कमी होतात असं त्याला आणि त्याच्या सगळ्या मित्रांना वाटतं. खरं काय ते कळायला त्याच्याकडे काही मार्ग नाही, हिशोब करणारा प्रोग्राम त्याला दिसत नाही.

ही मुलं थोडीथोडकी नाहीत. नीती आयोगाच्या २०२२ च्या रिपोर्टमध्ये २०२०-२१ साली देशात ७७ लाख गिग कामगार, म्हणजे कायमची नोकरी नसलेले, कामागणिक पैसे मिळणारे लोक, असल्याचा अंदाज आहे आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील असं म्हटलंय. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० सालीच पास झाली होती, ती लागू झाली २१ नोव्हेंबर २०२५ ला. त्यात पहिल्यांदा गिग कामगार कायद्यात आलाय, कंपन्यांनी वर्षाच्या उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम या कामगारांच्या फंडात टाकायची, पण कामगारांना जेवढे पैसे देतात त्याच्या ५ टक्क्यांपेक्षा जास्त नाही. इन्शुरन्स, आजारपण, म्हातारपण यासाठी हा फंड. चांगलंच आहे. पण किमान रोजाचं त्यात काही नाही, वाट बघण्याच्या मिनिटांचं काही नाही, आणि त्या पोराला विचारलं तर त्याला यातलं काहीच कोणी सांगितलेलं नव्हतं. सरकारच्या ई-श्रम पोर्टलवर नाव टाक एवढं मी त्याला सांगितलं.

हे सगळं टाळता येतं हे आपल्या मुंबईला वेगळं सांगायला नको खरं तर. दुपारचं जेवण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी पोचवायचं काम डबेवाले १८९० पासून करताहेत. त्यांच्यात टोळी असते, मुकादम असतो, आणि टोळीत जमलेले पैसे खर्च काढून सारखे वाटले जातात. सायकल, लोकल आणि डब्याच्या झाकणावरच्या खुणा एवढ्यावर ते चाललं, आणि या खुणांची पद्धत म्हणजे टेक्नॉलॉजीच होती, फक्त ती त्यांची स्वतःची होती, वरून कोणी कमिशन कापत नव्हतं. कोविडनंतर ऑफिसं घरून चालायला लागली आणि डबेवाल्यांची संख्या खूप घटली, बरेच जण मावळात, जुन्नरकडे गावी परत गेले. या केंद्राचे काही डबे अजून डबेवाल्याकडूनच फोर्टला जातात, महिन्याचा ठरलेला भाव, आणि काकू सांगतात की उशीर झाला म्हणून तक्रार जवळजवळ येतच नाही.

काकूंच्या सासूबाईंची खाणावळ होती, याच खोलीत. गिरणीतले कामगार, बहुतेक रत्नागिरी, सातारा, कोल्हापूरकडचे, बायकामुलं गावाला ठेवून इथे गाळ्यात दहा-पंधरा जण मिळून राहायचे आणि जेवायला खाणावळीत. खाणावळवाल्या बाया सावकाराकडून वाण्याकडून उधारीवर माल उचलायच्या, व्याजात सगळं जायचं. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, त्यात सासूबाईंचंही नाव होतं असं काकू अभिमानाने सांगतात. मग १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, डॉक्टर दत्ता सामंतांचा, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. खाणावळवाल्यांनी महिनोन्‌महिने उधारीवर जेवायला घातलं. ती उधारी बऱ्याच जणींची कधीच परत आली नाही, आणि कोणी मागितलीही नाही.

गिरण्या फक्त संपामुळे गेल्या असं सांगितलं जातं ते मला पटत नाही. मशिनरी जुनी झालेली, मालकांनी नफा परत गिरणीत घातला नाही, कापड भिवंडी-मालेगाव-इचलकरंजीच्या पॉवरलूमवर स्वस्तात निघायला लागलं जिथे कामगाराला ना युनियन ना पीएफ, १९८५ च्या कापड धोरणाने गिरण्या बंद करायचा रस्ताही मोकळा केला. आणि मग उरली जमीन. १९९१ च्या नियमात होतं की गिरणीची जागा विकायची तर साधारण एक तृतीयांश पालिकेला मोकळ्या जागेसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. २००१ मध्ये तो नियम बदलून फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जागेला लावला, म्हणजे वाटायला फार कमी उरलं, आणि २००६ मध्ये सुप्रीम कोर्टात तेच कायम झालं. त्या जागेवर आज मॉल, टॉवर, ऑफिसं आहेत. त्यातल्याच एका ऑफिसात मी नोकरी करते, माझा पगार तिथून येतो, आणि गिरणीत ज्यांनी आयुष्य काढलं त्यांची मुलं-नातवंडं त्याच इमारतींत सिक्युरिटीला आणि हाउसकीपिंगला कॉन्ट्रॅक्टवर आहेत. वर्ल्ड इनइक्वॅलिटी लॅबच्या २०२४ च्या अभ्यासात आलंय की २०२२-२३ मध्ये देशाच्या एकूण उत्पन्नातला २२.६ टक्के हिस्सा वरच्या १ टक्का लोकांकडे गेला. लोअर परळच्या पुलावर उभं राहिलं की त्यासाठी अभ्यास वाचायची गरज लागत नाही, एकीकडे चाळ दिसते आणि एकीकडे साठ मजले, मला तर अजूनही रोज तिथून जाताना वाईट वाटतं.

बाहेरच्या व्यापाराचा फटका या छोट्याशा केंद्राला किती बसतो हेही मला इथेच कळलं. भारत लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून आणतो. २०२२ मध्ये युक्रेनचं युद्ध सुरू झालं आणि सूर्यफूल तेल भडकलं, त्यात एप्रिलच्या शेवटी इंडोनेशियाने पाम तेलाची निर्यात तीनेक आठवडे बंद केली. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने कच्च्या खाद्यतेलावरची मूळ आयात ड्युटी शून्यावरून २० टक्के केली, सोयाबीनच्या शेतकऱ्याला भाव मिळावा म्हणून, आणि मे २०२५ अखेर ती १० वर आणली. काकूंना ड्युटी वगैरे शब्दांशी देणंघेणं नाही, पण १५ किलोचा तेलाचा डबा कुठल्या महिन्यात किती वाढला ते त्या तोंडपाठ सांगतात. मोठं हॉटेल आधीच साठा करून ठेवतं किंवा मेन्यूचा भाव वाढवतं. यांनी पोळीचा भाव ८ वरून १० केला तेव्हा दोन आठवडे लोक कुरकुरत होते. तुरीचंही तसंच, मोझांबिक, टांझानिया, म्यानमारहून तूर आली की काकूंचं वरण परवडतं, आणि त्याच वेळी लातूरच्या शेतकऱ्याचा भाव पडतो. दोघंही कमी कमावणारे, आणि एकाच्या सोयीसाठी दुसऱ्याची गैरसोय, यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही, पण डाळ स्वस्त झाली म्हणून आनंदाने लिहिणाऱ्यांनी लातूरचाही विचार करावा.

आणि आता आमच्या ऑफिसांची पाळी आलीय. आमच्या मजल्यावर व्हेंडरची बिलं सिस्टीममध्ये टाकणारी वीस-बावीस पोरांची टीम होती, बहुतेक कल्याण-डोंबिवली-वसईकडची, बीकॉम झालेली. आता बिल स्कॅन केलं की सॉफ्टवेअर स्वतःच वाचतं, टीम सहा जणांवर आलीय, कोणाला काढलं असं म्हणत नाहीत, कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलं नाही असं म्हणतात. काकूंनी मला विचारलं, "तुमच्याकडचे ते पंधरा डबे कमी का झाले गं? भाजी आवडत नाही का त्यांना?" भाजीत काही खोट नव्हती. गिरणी बंद पडली तेव्हा सासूबाईंची खाणावळ बसली, आणि ऑफिसातली पोरं कमी झाली तेव्हा सुनेचे डबे कमी झाले, नोकरी एकाची जाते तेव्हा तिच्यामागे किती जणांचा चहा, डबा, इस्त्री, रिक्षा जाते ते कुठल्याच आकड्यात येत नाही.

तरी हे केंद्र चालतंय आणि नीट चालतंय, कारण फोनचा वापर यांनी डोकं लावून केलाय. व्हॉट्सअ‍ॅपवर ग्रुप आहे, रोज रात्री उद्याचा मेन्यू येतो, खाली नाव आणि डब्यांची संख्या लिहायची. त्यामुळे किती कणीक, किती भाजी ते आदल्या रात्रीच कळतं आणि वाया जवळपास काही जात नाही. पैसे यूपीआयने, आणि यूपीआयवर जानेवारी २०२० पासून दुकानदाराकडून चार्ज घेत नाहीत, १२० दिले की १२० च पोचतात. आसपासच्या तीन इमारतींचे डबे पोचवायला गटाने चाळीतलाच एक मुलगा महिन्याच्या पगारावर ठेवलाय, सायकल गटाची, डब्यामागे १० रुपये आपल्याकडून घेतात आणि बारा ते दोन एवढंच काम, बाकी वेळ तो कॉलेजला.

जाणार असाल तर: सकाळी साडेअकरा ते अडीच आणि संध्याकाळी सात ते साडेनऊ, रविवारी बंद, शनिवारी फक्त दुपार. डब्यासाठी आदल्या रात्री नऊच्या आत मेसेज टाका, नंबर बोर्डावर आहे. नुसत्या पोळ्या हव्या असतील तर वीसपेक्षा जास्त एक दिवस आधी सांगा, आयत्या वेळी नाही मिळत. स्वतःचा डबा नेलात तर ५ रुपये कमी घेतात. शुक्रवारचं तिखलं हवं असेल तर गुरुवारी बुक करा आणि बाराच्या आत घेऊन जा. वरण दाट हवं असेल तर तुम्हीही सांगा, चार जणांनी सांगितलं तर कदाचित बदलतील.